शालनकाकीची माळ

काकी गेल्याचं मला कुणी फोन करून सांगितलं नाही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. सकाळची वेळ, डब्याची घाई, गॅसवर भाजी, आणि फोन टुणकन वाजला म्हणून बघितलं तर हलत्या ज्योतीची समई, शेजारी कुठल्याशा लग्नातल्या फोटोतून कापून काढलेली शालनकाकी, आणि खाली मजकूर : ‘कोविड काळात महिलांसाठी त्यांनी दिलेले विशेष योगदान गाव कधीही विसरणार नाही.’ पाठवणारे शेठ. आमच्या गावात शेठ म्हटलं की एकच. फार्महाउसवाल्यांना जमिनी विकून शेठ झालेले, देवस्थानचे अध्यक्ष, आणि लॉकडाऊनमध्ये जी गावसमिती निघाली होती तिचेही अध्यक्ष. खरं तर माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. माझी आई लवकर गेली, तेव्हा वेणीफणी करून मला शाळेत धाडलं ते तिनंच. पण पाणी आलंच नाही, डोक्यात तिडीक गेली. विशेष योगदान म्हणजे काय? मी लगेच ग्रुपवर लिहिलं, ‘कसलं योगदान, तेही लिहा ना.’ खाली नुसते जोडलेले हात येत राहिले, एकाखाली एक, एकाखाली एक... तोवर भाजी करपली.

म्हणून आता मीच लिहिते. काकीनं पॅड विकले. बायकांना पाळीच्या वेळी लागतात ते, सॅनिटरी पॅड. ज्या दिवसांत सगळंच बंद होतं आणि तिचं दुकान तर मुद्दाम बंद पाडलं होतं, त्या दिवसांत तिनं ते शोधले, वाहून आणले, विकले, आणि जिच्याकडे पैसे नव्हते तिला तसेच दिले. झालं! लिहून झालं. आभाळ कोसळलं नाही की कागदाला विटाळ झाला नाही. एवढं एक वाक्य म्हणताना आमच्या गावातल्या मिशीवाल्यांची जीभ का अडकते हे मला कळत नाही असं नाही. चांगलं कळतं, म्हणूनच शिसारी येते. गावाचं नाव मात्र मी लिहीत नाही. कर्जतकडे, पोशीरच्या पुढे कुठंतरी, एवढं पुरे. नाव लिहिलं की आजूबाजूची गावं म्हणणार, बघा बाई, हे असले लोक. आणि आजूबाजूची गावं काय मोठी वेगळी लागून गेलीत?

काकी काही जन्मापासूनची सुधारक नव्हती, हे आधीच सांगते. नाहीतर गेलेल्या माणसाला देव्हाऱ्यात बसवायची आपल्याकडे फार घाई. काका खोपोलीच्या कारखान्यात होते, आणि घराच्या पडवीत काकीचं छोटंसं दुकान. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, परकर, पिना, शांपूच्या पुड्या. पॅडची पाकिटंही असायची, पण फळीखाली, पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून. घेणारी बाई यायची, आजूबाजूला कुणी बाप्या नाही ना ते बघायची आणि नुसती मान हलवायची. काकीला समजायचं. मग पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर दोरा बांधायचा, ते पुडकं काळ्या पिशवीत घालायचं आणि ती पिशवी पदराखाली दाबून बाई चोरी केल्यासारखी पळायची. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा याच काकीनं मला पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसवलं होतं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं. दुकानात येणारी प्रत्येक बाई माझ्याकडे बघून “बसली काय गं?” असं विचारायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी आदळआपट केली तेव्हा काकी म्हणाली, “देवाला राग येतो गं वैशे, मी काय करू?” तिला खरंच तसं वाटायचं. लग्न होऊन मी डोंबिवलीला गेले, नोकरी करायला लागले, आणि गावी आले की तिला डिवचायचे, “काय काकी, रागावला का तुझा देव? एवढ्याशानं रागावतो म्हणजे ब्लडप्रेशर असेल त्याला.” ती हातातलं फडकं माझ्या पाठीत मारायची. “गप बस, शहाणी!”

मग ते वर्ष आलं. डोंबिवलीत आमची बिल्डिंग सील झाली, ती उघडल्यावर नवऱ्याची कंपनी बंद, माझं ऑफिस बंद. मे महिना संपत आला तेव्हा आम्ही दोघं परवानगी काढून गावी आलो. वेशीवर बांबू आडवा लावला होता. आम्हाला घरी जाऊ न देता थेट शाळेत नेऊन ठेवलं, मुंबईकडून येणाऱ्या सगळ्यांनाच तिथं ठेवत होते. वर्गात बाकं भिंतीला सरकवलेली, एकेका खोलीत दोन-तीन कुटुंबं, मध्ये साड्यांचे पडदे, आणि संडास मैदानाच्या पार टोकाला. आमच्या वर्गात कळव्याहून आलेलं एक जोडपं होतं, त्यांची मुलगी सहावीतली. आणखी एक कुटुंब होतं, त्यात तीन बाप्ये. फाटकाशी समितीनं माणूस बसवला होता, शेठचा पुतण्या दिनेश. त्याच्या पाठीला भातावर औषध मारायचा पंप. घरून डबा आला, कपडे आले, काहीही आलं की पिशवी उघडून दाखवायची आणि मग तो त्यावर फवारा मारणार. भाकरीवरसुद्धा मारायचा. वास यायचा, आम्ही वरचा पापुद्रा काढून खायचो.

आणि काकीचं दुकान बंद होतं. समितीनं यादी लावली होती देवळाच्या भिंतीवर, काय जरुरीचं आणि काय नाही त्याची. किराणा जरुरीचा, दूध जरुरीचं, खत जरुरीचं. तंबाखू यादीत नव्हती, पण दिनेशच्या मागच्या दारानं ती व्यवस्थित मिळत होती. काकीच्या दुकानाच्या नावापुढे मात्र म्हणे, ‘शृंगार साहित्य, बंद.’ बायकांच्या पॅडची गणना लिपस्टिकमध्ये होते ही माझ्या ज्ञानात पडलेली मोठीच भर. बायका मागच्या पडवीतून यायच्या, मान हलवायच्या, पुडकं न्यायच्या. फळीखालचा डबा रिकामा होत चालला होता आणि कर्जतहून माल आणणारा टेंपो बंद होता.

शाळेत मला पाळी आली. घाईघाईत निघालेलो, बाकी सगळं घेतलं होतं, थर्मामीटरसुद्धा, पण हेच विसरले होते. मी काकीला फोन केला, हळू आवाजात, तोंडावर हात धरून, कारण पडद्यापलीकडे तीन बाप्ये पत्ते खेळत बसले होते. थोड्या वेळानं काकी फाटकाशी आली. मी व्हरांड्यातून बघत होते. दिनेश म्हणाला, “काकी, पिशवी दाखवा.” ती म्हणाली, “कापडं हायत रं.” तो म्हणाला, “असू दे. सगळं उघडून दाखवाचं, शेठचा नियम हाय.” काकीनं पिशवीचे बंद धरले, सोडले, परत धरले. पदर सारखा केला. तिची घालमेल मला इतक्या लांबून दिसत होती आणि मला वाटत होतं, ही आता माघारी जाणार. मी मनातल्या मनात ओढणी फाडायची तयारीही केली होती. पण तिनं एकदम आत हात घातला, पुडकं काढलं, त्याच्यावरचा पेपर टराटरा फाडला आणि पाकीट दिनेशच्या नाकासमोर धरलं. “हे हाय. पॅड हायत, पालीचे. मार फवारा. मार की रं, बघतोस काय?”

दिनेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. पंपाची नळी खाली गेली. तो एक पाऊल मागे गेला, मग आणखी एक, असं करत करत पार चिंचेच्या बुंध्याला टेकला आणि तिकडे तोंड करून उभा राहिला. फाटक मोकळं! काकी, जिला आत यायची सक्त मनाई होती, ती सरळ चालत व्हरांड्यापर्यंत आली आणि माझ्या हातात पाकीट ठेवलं. स्वतःच चकित झाली होती. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, “सरकला बग!” आणि खुदुखुदु हसली. मीही हसले. खूप दिवसांनी हसले होते.

त्याच आठवड्यात कळव्याच्या त्या मुलीला पाळी आली, तिची पहिली. अनोळखी बाप्यांनी भरलेल्या खोलीत, फळ्याखाली चटईवर, पोटावर हात धरून ती पोर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिच्या आईनं जुन्या साडीचा पदर फाडला. ते फडकं धुवायचं कुठं? वाळत घालायचं कुठं? पडद्याच्या आत दोरी बांधून, वर टॉवेल टाकून वाळवत होती. ओलंच वापरायची वेळ आली. मी माझ्या पाकिटातले निम्मे तिला दिले आणि काकीला फोन केला, आणखी पाठव. काकी म्हणाली, “शेवटचं तुलाच दिलं गं. डबा रिकामा हाय.” आणि पुढे म्हणाली, “पन कालजी करू नको. देवळामागं हायत, खोकी भरून.”

ती खोकी देवळामागं कशी गेली ते सांगायला हवं. आमच्या गावची पद्धत अशी की दान म्हणून गावाला काहीही आलं, धान्य असो, चादरी असो, भजनाची पेटी असो, ते आधी सभामंडपात देवापुढे ठेवायचं, नारळ फोडायचा आणि मगच वाटायचं. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेनं टेंपो भरून सामान पाठवलं होतं. तांदळाची, डाळीची पोती, आणि चिकटपट्टीनं बंद केलेली मोठमोठी पुठ्ठ्याची खोकी. समितीनं सगळं वाहून देवापुढे रचलं. शेठनी नारळ फोडला, खोक्यांवर कुंकू लावलं, फोटो काढला. दोन रात्री खोकी देवापुढे होती. वाटपाच्या दिवशी चुन्याच्या गोलांत गाव उभं राहिलं, काकीही होती. शेठनी स्वतः ब्लेडनं पहिलं खोकं फाडलं, आत हात घालून पाकीट काढलं, उलटंसुलटं करून वाचलं, आणि विंचू चावल्यासारखं टाकून दिलं. मग जी काय पळापळ झाली! गोमूत्र आणा, मंडप धुवा, गाभारा धुवा. गावात बाहेरचं माणूस यायला बंदी असताना शेजारच्या गावातून भटजींना मोटारसायकलवर बसवून आणलं आणि देवाला अभिषेक घातला. कोरे पॅड हो! कारखान्यातून आलेले, प्लॅस्टिकमध्ये बंद. कुठल्या बाईची सावलीसुद्धा त्यांच्यावर पडली नव्हती. आणि ज्यानं त्यांना कुंकू लावलं तो माणूस दोनदा आंघोळ करून आला. मला हे काकीनं फोनवर सांगितलं तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला.

खोकी देवळामागच्या खळ्यावर नेऊन टाकली, वर एक फाटकी ताडपत्री. काकी शेठकडे गेली. म्हणाली, “मला द्या ती खोकी, मी वाटते. शालेत पोरी हायत, त्यांचे हाल चाललेत.” शेठ तिच्याकडे न बघता म्हणाले, “तो बायांचा विषय हाय. बायांची मीटिंग घेऊ, त्यात ठरवू.” काकी म्हणाली, “मग घ्या की.” तर म्हणे, “मीटिंगला बंदी हाय ना वहिनी, गर्दी करता येत नाय.” म्हणजे बघा! अभिषेकाला गर्दी चालते. काकी संध्याकाळी स्वतःच खळ्यावर गेली तर दिनेशला तिथं बसवलेला, गावची मालमत्ता आहे, समितीच्या ठरावाशिवाय हलवायची नाही. तिनं ‘पॅड’ हा शब्द वापरून बघितला, तो सरकलाही, पण पाठोपाठ शेठनी आणखी दोघांना आणलं आणि बाईमाणूस न बघता काकीला हाताला धरून बाजूला काढलं. रात्रीपासून वारा सुटला होता. ते जूनमधलं चक्रीवादळ आठवतंय ना? सकाळी सगळ्यांच्या फोनवर इशारे आलेले. काकी पुन्हा गेली, म्हणाली, निदान आडोशाला तरी ठेवा, मीटिंग मग घ्या. कुणाच्या घरात ठेवायची? कुणी तयार होईना. गोठ्यात? नको, गाय आहे. खताच्या खोलीत? नको, तिथं बियाणं आहे. गावातल्या एकाही छपराखाली त्या खोक्यांना जागा नव्हती.

वादळ आलं. शाळेचे पत्रे उडाले, आम्ही सगळे बाकांखाली बसलो, त्या पोरीला मी मांडीशी धरलं होतं. उजाडल्यावर आधी झाडं तोडायची, रस्ते मोकळे करायचे, वीज तर कितीतरी दिवस नव्हती. आणि खळ्यावर... ताडपत्री कुठल्याकुठे गेलेली, पुठ्ठ्याचा लगदा, पाकिटं फाटून पॅड सगळीकडे पसरलेले. पाणी पिऊन एकेक उशीएवढा फुगलेला. जे काम करायला ते बनवले होते ते त्यांनी इमानदारीत केलं होतं. ते उचलायला कुणी बाप्या पुढे येईना. लांबून नाकाला रुमाल लावून उभे होते. नाकाला रुमाल! पावसाचं पाणी प्यालेल्या कोऱ्या कापसाला यांना कसला वास येत होता? काकी आणि आणखी चार-पाच बायकांनी खड्डा खणला आणि पाट्या भरभरून ते सगळं पुरलं. संध्याकाळी फाटकाशी येऊन काकी मला हे सांगत होती, कोपरापर्यंत चिखल, आणि तिचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. ती म्हणाली, “वैशे, तुला मी गोनपाटावर बसवायचे. मला वाटाचं देवाला राग येतो. ती खोकी दोन रात्री त्याच्या पायाशी होती गं. कुंकू लावून होती. काय झालं? देव हाललासुदा नाय. हालले ते हे बाप्ये.” मग थुंकली. काकीला थुंकताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दुधाच्या टेंपोत बसली. पास नव्हता, मास्क म्हणून काकांचा जुना पंचा. कर्जतला सगळी औषधाची दुकानं फिरली, सगळीकडे एकच उत्तर, माल येत नाही, वादळानं तर जो होता तोही भिजला. तिचं माहेर खालापूरच्या बाजूचं. बांगड्यांचा माल ती वर्षानुवर्षं तिथल्या एका घाऊक दुकानदाराकडून आणायची, त्याच्याकडे गोडाऊन होतं. भाजीचा टेंपो गाठून ती पुढे निघाली. पळसदरीच्या अलीकडे नाका. हवालदारानं काठी आडवी धरली. “आजी, पास? कुठं निघालात?” काकी म्हणाली, “पास नाय. पॅड आनायला चालले, बायांच्या पालीचे.” हवालदारानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, काठी उचलली. “जा, जा, लवकर जा.” खोपोलीच्या नाक्यावर तेच. खालापूरला त्या दुकानापुढे लांबलचक रांग होती, ती म्हणे तिनं मोठ्यानं विचारल्याबरोबर दुभंगली. हे सगळं ती मला पुढे कितीदा सांगायची, आणि दरवेळी हातानं तो पोलीस कसा सरकला, ती रांग कशी सरकली ते करून दाखवायची. “अगं, सरकारी पासाला नाय एवढी किंमत! एक शब्द उच्चारायचा, बाप्या सरकला बग.” हसायची खूप. पण हसून झालं की तोंड वाकडं करायची. “मेल्यांना लाज वाटते ती शब्दाची. पोरगी ओलं फडकं बांधून बसली व्हती, त्याची नाय वाटली.”

येताना तिनं पोती भरून माल आणला. कर्जतच्या पुढे एका नाक्यावर पोत्यात काय म्हणून विचारलं, तर तिनं पोत्याचं तोंड सोडून दाखवलं. त्या दुपारी ती आधी शाळेत आली, कळव्याच्या मुलीच्या हातात पाकीट दिलं, कसं वापरायचं ते पडद्याआड बसून दाखवलं, आणि मग घरी जाऊन दुकान उघडलं. पुढून. पडवीच्या दोन खिळ्यांना नायलॉनची दोरी बांधली आणि एकेक पाकीट कपड्याच्या चिमट्यानं टांगलं, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल असं. वेफर्सच्या पुड्या टांगतात तशी. समितीचे लोक दुकान बंद करायला आले, माळेखाली उभे राहिले, वर बघितलं, आणि दंडाची भाषा करता करता अंगणात गेले, अंगणातून रस्त्यावर गेले. काकी तेव्हापासून पेपरात गुंडाळत नसे. कुणी मागितलाच पेपर तर म्हणायची, “पेपर वाचाला असतो गं.” काळी पिशवीही बंद. सुरुवातीला बायका कुरकुरल्या, काही तर घेईनात. मग घ्यायला लागल्या. सगळ्या नाही... अजूनही काही पदराखालूनच नेतात.

माळ पुढे कधी उतरली नाही. साथ गेली, मास्क गेले, माणसं सगळं विसरली. जत्रेत पालखी पडवीवरून जाते, म्हणून शेठनी निलेशकडे, म्हणजे काकीच्या मुलाकडे निरोप धाडला की तेवढा एक दिवस ते उतरवून ठेवा. काकी म्हणाली, “कशाला? देवानं बघितलेत ते. त्याला म्हाईत हायत.” निलेश कंपनीत नोकरीला, चारचौघांत वावरणारा, त्याला लाज वाटायची. त्याची बायको प्रणाली मात्र काकीच्या हाताखाली तयार झाली होती.

मला काकी शेवटची दिसली ती कर्जतच्या दवाखान्यात. साखरेनं पाय सडला होता, मग मूत्रपिंडं गेली. हात सुजलेले, बांगड्या कापून काढलेल्या. वॉर्डबॉय दारातून निलेशला म्हणाला, “आजींचं ते सामान आणून ठेवा हां... ते रात्रीचं.” काकी डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपलीय. तिनं डोळे न उघडताच सांगितलं, “डायपर म्हन रं. डायपर.” तो पोरगा गडबडून दारातून मागे सरकलाच. काकीच्या ओठांचा कोपरा हलला, माझ्या हातावर तिनं बोटानं टकटक केली. काय म्हणायचंय ते मला कळलं. बाहेर येऊन मी जिन्यात बसून रडले. ग्रुपवरचा तो मेसेज आला तेव्हा रडू का आलं नाही, त्याचं कारण कदाचित हेच असेल, आधीच रडून झालं होतं.

तेराव्याला गावी गेले. अंगणात मांडव, पडवीत टेबल, त्यावर हार घातलेला काकीचा फोटो. बघते तर माळ नाही. दोन खिळे तेवढे. प्रणाली चुलीपाशी डोळे पुसत होती, म्हणाली, “ताई, यांनी उतरवली. काळ्या पिशवीत घालून पोटमाळ्यावर टाकली. शेठ येणार म्हणून.” मी निलेशला विचारलं तर तो हात जोडायला लागला, “ताई, आजचा एक दिवस... मोठी मानसं हायत.” काळ्या पिशवीत! जी पिशवी तिनं आयुष्यातून हद्दपार केली, तिच्यातच तिची माळ कोंबली होती, तीही तिच्याच तेराव्याला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जेवणं व्हायची होती, मी वाढायला घेतलं.

शेठ आले. फोटोशेजारी, बरोबर त्या दोन खिळ्यांखाली, त्यांना हातांची खुर्ची दिली, आणि तब्येतीमुळे ते बसूनच बोलले. शालनवहिनी कष्टाळू होत्या, धार्मिक होत्या, पालखीला त्यांची ओवाळणी कधी चुकली नाही. “आनी कोविडच्या त्या कठीण काळात, गावसमितीच्या सहकार्यानं...” सहकार्यानं! मला ओकारी यायची बाकी राहिली. “...त्यांनी आपल्या माताभगिनींसाठी, जे काय ते, आवश्यक... साहित्य...” मी उठले. प्रणालीनं पिशवी आधीच खाली काढून ठेवली होती, शिवण्याच्या मशीनचं स्टूलही तिनंच आणून दिलं. मी चढले, दोरीचं एक टोक एका खिळ्याला बांधलं, दुसरं दुसऱ्याला. पाकिटं शेठच्या टोपीच्या वर लोंबायला लागली. मी खाली उतरले आणि म्हटलं, “पॅड, शेठ. त्याला पॅड म्हणतात. बोला पुढं.”

निलेश मान खाली घालून उभा. शेठनी वर बघितलं, टोपीला हात लावला. मग दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून अर्धवट उठले आणि खुर्चीसकट मागे सरकले, थोडे आणखी सरकले, पडवीच्या पायरीवरून खाली उतरले, आणि मांडवाचं कापड जिथं संपत होतं तिथं, रणरणत्या उन्हात जाऊन बसले. घाम पुसत पुसत तिथूनच म्हणाले, “तर... वहिनींचं योगदान...”

मी फोटोकडे वळले. हार जरा बाजूला केला, तिचा चेहरा नीट दिसेल असा. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “सरकला बग, काकी.”